काचेआड वाढलेली मिरचीची रोपे उन्हात पांढरी पडली: अतिनील किरणांनी पेशीत नेमके काय होते?

मृद्गंध

नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस मी मिरचीच्या एकाच पाकिटातील बी दोन ट्रेंमध्ये पेरले. जागेच्या अडचणीमुळे एक ट्रे गॅलरीच्या बंद काचेआड ठेवावा लागला आणि दुसरा गच्चीच्या कठड्यालगत उघड्यावर. कोकोपीट आणि गांडूळखताचे मिश्रण दोन्हींत सारखेच होते व पाणीही दोन्हींना एकाच वेळी दिले जात होते. पाच आठवड्यांनी दोन्ही ट्रे शेजारी ठेवले, तेव्हा हे एकाच पाकिटातील बी आहे असे घरातल्या कोणालाही पटेना. काचेआडची रोपे वीतभर उंच, फिकट आणि मऊ होती, तर गच्चीवरची त्यांच्या जेमतेम निम्मी असली तरी खोडाने जाड, पेऱ्यांपाशी जांभळट आणि पानाला हात लावला तर चांगल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी दणकट.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काचेआडची रोपेही गच्चीवर नेली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वरच्या पानांवर पांढुरके, वाळक्या पापुद्र्यासारखे चट्टे पडले. पानाचा जो भाग आकाशाकडे होता तेवढाच गेला. एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत होती. तेथे चट्ट्याची कड त्या सावलीच्या रेषेबरहुकूम सरळ आहे, जणू कात्रीने कापली आहे. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी फुटलेली पाने मात्र धडधाकट आहेत.

बी ज्या दुकानातून आणले होते तेथे विचारले असता, "अतिनील किरणांनी डीएनए जळला आहे, आता या रोपांच्या बियांतही दोष उतरणार," असे सांगून त्यांनी फवारणीची एक बाटली पुढे केली. बाटली मी घेतली नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. अतिनील किरणांनी डीएनएला इजा होत असेल तर ती नेमकी कशी असते, आणि सावलीत सरकण्याची सोय नसलेले झाड ती कशी निस्तरते? माझ्या रोपांवरचे चट्टे म्हणजे तीच इजा आहे का? आणि उगवल्यापासून उन्हात असलेल्या दुसऱ्या ट्रेला काहीच का झाले नाही? बारावीपर्यंतचे जीवशास्त्र बऱ्यापैकी आठवते, त्यामुळे उत्तर थोडे खोलात गेले तरी चालेल.

पर्णरंध्र

मृद्गंधताई, सावलीच्या रेषेची नोंद फार मोलाची आहे. तिच्याकडे शेवटी येतो. मी काही वर्षे वनस्पतींमधील डीएनए-दुरुस्तीवर प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून आधी पेशीच्या आतले सांगतो.

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन पट्टे मानतात: ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा 'ए', २८० ते ३१५ हा 'बी' आणि त्याखालचा 'सी'. 'सी' पट्टा वातावरणातच संपतो. 'बी' पट्ट्याचा बराचसा भाग ओझोन शोषून घेतो आणि जो उरतो तो जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. तरीही पेशीला खरी धास्ती या उरलेल्या अंशाचीच असते, कारण डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक शोषण करतो आणि त्या शोषणाचे शेवटचे टोक 'बी' पट्ट्यात शिरते. हा संबंध पक्का होण्यात मक्याच्या परागकणांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत स्टॅडलर आणि उबर यांनी वेगवेगळ्या तरंगलांबींचे किरण परागकणांवर सोडले आणि १९४२ मध्ये असे दाखवले की, उत्परिवर्तने घडवण्याची किरणांची क्षमता न्यूक्लिइक आम्लाच्या शोषणाशी जुळते. जनुके डीएनएची बनलेली असतात हे त्या वेळी सर्वमान्यही झालेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

आता इजा कशी असते ते पाहू. डीएनएच्या एकाच पट्टीवर दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन, शेजारी-शेजारी आले आणि त्यांपैकी एकाने 'बी' किरणाचा कण शोषला, तर ती दोन अक्षरे समोरच्या पट्टीतील जोडीदारांशी नीट जुळून राहण्याऐवजी एकमेकांनाच चिकटतात. त्यांच्यात चार कार्बनांची एक चौकट तयार होते. या जोडाला सीपीडी म्हणतात. दुसरा, '६-४' नावाचा जोड संख्येने कमी होतो, पण तो साखळीला अधिक वाकवतो. त्यामुळे 'डीएनए जळला' हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. शिवताना दोन टाके एकमेकांत अडकावेत आणि पुढची शिवण थांबावी, तसा हा प्रकार असतो. जनुक वाचत जाणारे विकर त्या टाक्यापाशी अडते, आणि पेशी विभाजनाच्या तयारीत असेल तर डीएनएची प्रत काढणारे विकरही अडते. भर उन्हातल्या कोणत्याही हिरव्या पानात असे टाके सतत पडत असतात. तुमच्या दणकट ट्रेमध्येही ते रोज पडत होते.

झाड ते सोडवते कसे, याचे उत्तर मला या विषयातील सर्वांत देखणे वाटते. वनस्पतींकडे फोटोलायेज नावाचे विकर असते. ते अडकलेली जोडी चिमटीत धरते आणि निळ्या किंवा 'ए' पट्ट्यातील प्रकाशाचा एक कण शोषून, पोटातल्या फ्लॅव्हिन रेणूवरून एक इलेक्ट्रॉन त्या जोडीला देते. जोड सुटतो, इलेक्ट्रॉन परत येतो, विकर पुढच्या जोडीकडे जाते. जोड तुटण्याचे हे काम नॅनोसेकंदाच्या आसपास उरकते, काही कापावे लागत नाही आणि काही नव्याने विणावेही लागत नाही. म्हणजे ज्या उन्हाने टाका अडकवला, त्याच उन्हातील दुसरा रंग तो सोडवतो. सीपीडीसाठी एक आणि ६-४ जोडासाठी दुसरे अशी दोन स्वतंत्र विकरे असतात. अतिनील किरणांनी जवळपास मेलेले सूक्ष्मजीवांचे बीजाणू साध्या उजेडात ठेवले असता पुन्हा वाढतात, हे आल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये दाखवले, तेथून या शोधाला सुरुवात झाली.

अंधारातही चालणारी दुसरी पद्धत अधिक कष्टाची आहे. तीत बिघडलेल्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना पट्टी कापून सुमारे २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरची पट्टी वाचून नवा तुकडा भरतात. माणसाच्या त्वचेत हे काम करणारी जी प्रथिने आहेत, त्यांपैकी बहुतेकांची भावंडे वनस्पतींतही सापडतात. याउपरही एखादा जोड राहिलाच आणि प्रत काढण्याची वेळ आली, तर काही खास विकरे त्या खड्ड्यावरून अंदाजाने अक्षरे घालत पुढे जातात. तेथे चूक होण्याची शक्यता असते, पण प्रत अर्धवट राहण्यापेक्षा ते परवडते.

हे सगळे एका अक्षरावर कसे अवलंबून असू शकते, याचे उदाहरण भातात आहे. सासानिशिकी आणि नोरिन १ ही जपानी भाताची दोन जवळची वाणे. जादा 'बी' किरण दिले की पहिले तग धरते, दुसरे खुरटते. जपानी संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा फरक सीपीडी सोडवणाऱ्या फोटोलायेजमध्ये निघाला: १२६व्या जागी सासानिशिकीत ग्लुटामिन असते, नोरिनमध्ये आर्जिनिन. एवढ्या एका अमिनो आम्लाने विकराची कार्यक्षमता घटते. इंडिका गटातील 'सूर्जमुखी' नावाच्या भातात त्याबरोबर २९६व्या जागीही बदल आहे आणि ते वाण अतिनील किरणांना फारच हळवे आहे. नाव सूर्यमुखी आणि सूर्यच सोसत नाही, असा हा योग!

चट्ट्यांविषयी माझा कयास असा की, काच 'बी' पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे तुमच्या पहिल्या ट्रेला या किरणांची ओळखच नव्हती आणि अचानक मारा झाल्यावर पाने करपली.

वाफा

पर्णरंध्र यांचे पेशीतील वर्णन आवडले, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे आणि असे चट्टे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. पॉलिहाऊसमधून काढलेले प्रो-ट्रे (रोपांचे खणाखणांचे ट्रे) ग्राहकाने थेट शेतात नेऊन दुपारी लावले की, तिसऱ्या दिवशी फोन येतो. तीच रोपे पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली आठवडाभर ठेवून, पाणी थोडे तोडून मग दिली तर काही होत नाही. यात अतिनील किरणांचा वाटा असेलही, पण मुख्य आरोपी दुसरा आहे असे मला वाटते.

ताईंनी सांगितलेली सरळ रेषाच माझ्या बाजूने साक्ष देते. आकाश निळे दिसते ते लहान तरंगलांबीचा प्रकाश हवेत अधिक विखुरतो म्हणून, आणि 'बी' किरण तर निळ्याहूनही लहान तरंगलांबीचे. निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीवर येणाऱ्या 'बी' किरणांपैकी जवळपास निम्मे सूर्याच्या दिशेने न येता सगळ्या आकाशातून येतात. म्हणून त्यांची सावली नेहमीच पुसट असते. चट्टा जर त्यांचा असता तर त्याची कड विरत गेली असती. कात्रीने कापल्यासारखी कड म्हणजे थेट उन्हाचे काम, म्हणजेच दिसणारा प्रकाश आणि उष्णता.

मंद प्रकाशात वाढलेले पान पातळ असते आणि जास्तीचा प्रकाश उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याची त्याची तयारी नसते. त्यावर भर एप्रिलचे ऊन पडले की हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेला वाट मिळत नाही, ती प्राणवायूच्या गळ्यात पडते, आणि तयार होणारे आक्रमक प्राणवायूचे प्रकार आधी हरितद्रव्य विरंजित करतात आणि मग पेशीची पटले फोडतात. पेशी कोसळली की तिथे हवा भरते आणि पान पांढरे, पापुद्र्यासारखे दिसते. मुळे ट्रेमध्ये कोंडलेली असल्याने पाणी वर चढायलाही वेळ लागतो, त्यामुळे पान तापते ते वेगळेच.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. वाफा यांचा सावलीचा तर्क वाचल्यावर मी ते पान पुन्हा हातात घेऊन पाहिले. कड खरोखरच सरळ आहे. एका टोकाला मात्र, जिथे वरच्या पानाचे टोक थोडे उंच होते, ती किंचित विरलेली आहे.

आणखी काही शंका विचारते. प्रकाश लागणारे विकर रात्री काय करते? आंब्याची आणि कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते ती याच किरणांपासून बचाव म्हणून का, आणि माझ्या गच्चीवरच्या रोपांच्या पेऱ्यांवरचा जांभळा रंगही तोच का? बियांत दोष उतरण्याचा मुद्दा अजून राहिला आहे. शिवाय घरात जुन्या जलशुद्धीकरण यंत्रातील अतिनील नळी पडून आहे. पुढच्या वेळी काचेआडच्या रोपांना ती रोज दोन मिनिटे दाखवून 'सवय' करता येईल का?

पर्णरंध्र

आधी वाफा यांचे म्हणणे मान्य करतो. मी घाईने निष्कर्ष काढला होता. अगदी जवळच्या पानाची सावली आकाशाचाही मोठा भाग झाकते, त्यामुळे 'बी' किरणांची सावली तेथे थोडी ठळक होऊ शकते. पण एवढी धारदार कड थेट उन्हाचीच. शिवाय दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असलेल्या रोपात, उघड्या प्रकाशात, केवळ सीपीडींमुळे तीन दिवसांत पान पांढरे पडणे संभवत नाही. अतिनील किरणांचा या प्रकरणातील हातभार बहुधा वेगळ्या जागी असेल: प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडणारे जे मँगनीजचे केंद्र असते ते हे किरण शोषून बिघडते, आणि त्यालगतचे डी१ नावाचे प्रथिन मोडते. ते प्रथिन पेशी एरवीही उन्हात सतत काढून टाकत आणि नवे बसवत असते. मोडण्याचा वेग बसवण्याच्या वेगापुढे गेला की जास्तीच्या प्रकाशाचा प्रश्न आणखी चिघळतो.

आता नळीचे. ताई, ती नळी कृपया पेटवू नका. तिचा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे 'सी' पट्ट्यातला असतो. जंतू मारण्यासाठीच ती तरंगलांबी निवडलेली असते. पृथ्वीवर उघड्यावर वाढणाऱ्या कोणत्याही झाडाला सूर्याकडून ती मिळत नाही, त्यामुळे 'सवय' होण्याचा प्रश्नच नाही. पानाच्या वरच्या थरातील पेशी मरतील आणि तुमच्या डोळ्यांनाही दुखापत होईल.

सवय कशी होते, तर झाडाकडे 'बी' किरण ओळखणारे स्वतंत्र प्रथिन आहे. त्याचे नाव यूव्हीआर८. अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या झाडात ते जनुक बिघडलेली रोपे या किरणांत टिकत नाहीत, हे २००२ पर्यंत कळले होते. ते प्रथिन स्वतःच किरण टिपते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची रचना उलगडली. बाकीचे प्रकाशग्राही रेणू प्रकाश टिपण्यासाठी वेगळा रंगद्रव्याचा तुकडा बाळगतात. याला तो लागत नाही. त्याच्या अंगातीलच ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले, विशेषतः २३३ आणि २८५ या जागांवरची, 'बी' किरण शोषतात. एरवी हे प्रथिन जोडीने असते. किरण पडताच जोडी फुटते, सुटा रेणू कॉप१ नावाच्या प्रथिनाला जाऊन पकडतो आणि त्यामुळे एचवाय५ हे जनुके चालू करणारे प्रथिन, जे कॉप१ एरवी मोडीत काढत असते, पेशीत साठू लागते. काही तासांत फ्लॅव्होनॉइडे, म्हणजे हे किरण गाळणारी द्रव्ये, बनवणारी विकरे तयार होतात आणि फोटोलायेजचे प्रमाणही वाढते. याच साखळीतून खोडाची लांबी आवरली जाते, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या बुटक्या रोपांमागे हेही एक कारण आहे. वारा आणि भरपूर प्रकाश ही आणखी दोन कारणे, हे सांगायला हवे. किरण थांबले की आणखी दोन प्रथिने सुट्या रेणूंची जोडी पुन्हा जुळवून देतात आणि यंत्रणा पूर्ववत होते.

यातील मला विशेष वाटणारी गोष्ट अशी की, यूव्हीआर८ इजा मोजत नाही, किरण मोजते. सकाळच्या कोवळ्या उन्हातला किंचितसा 'बी' अंशही त्याला पुरतो. त्यामुळे दुपार होण्याआधीच पेशी छत्री उघडू लागते. इजा प्रत्यक्ष झाल्यावर वाजणारी घंटा वेगळी आहे: प्रत काढताना साखळी अडली की काही विकरे एसओजी१ नावाच्या प्रथिनाला जागे करतात आणि ते पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीची जनुके चालवते, आणि इजा फारच असेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. प्राण्यांत पी५३ हे कर्करोगाला आळा घालणारे प्रथिन जे करते, तेच काम वनस्पतींत हे अगदी वेगळ्या घराण्यातील प्रथिन करते. मुळाच्या टोकाशी असलेल्या मूळपेशी या बाबतीत फार कडक असतात. बिघडलेला डीएनए घेऊन विभागण्यापेक्षा त्या मरतात आणि शेजारच्या पेशी त्यांची जागा घेतात.

रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. रात्री नवे टाके पडत नाहीत, आणि दिवसभर पडलेले बहुतेक टाके प्रकाशातच सुटलेले असतात. अंधारात ६-४ जोड कापून काढण्याचे काम बऱ्यापैकी चालते, सीपीडींचे मात्र फार सावकाश. म्हणूनच प्रयोगशाळेत फक्त 'बी' किरणांचे दिवे लावून आणि पांढरा प्रकाश कंजूषपणे देऊन केलेल्या प्रयोगांत झाडांचे नुकसान खऱ्याहून मोठे दिसते. इजा करणारा रंग दिला आणि सोडवणारा रंग आखडता घेतला, तर दुसरे काय होणार?

अंबाडी

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. लाल पालवीविषयी थोडे लिहिते, कारण वर्गात हा गैरसमज दरवर्षी येतो. अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य प्रामुख्याने हिरवा प्रकाश शोषते. 'बी' पट्ट्यात ते एकटे फारसे प्रभावी नाही. या किरणांपुढे खरी छत्री धरतात ते क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉलसारखे फ्लॅव्होनॉल, जे आपल्या डोळ्यांना जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे दिसतात. लाल कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात जे क्वेर्सेटिन मुबलक असते, तेच हे. पानाच्या अपित्वचेतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये ते साठते, म्हणजे 'बी' किरण खालच्या हरितलवकांपर्यंत पोचण्याआधी गाळले जातात आणि निळा-तांबडा प्रकाश मात्र पार होतो. गॉगलची काच नेमकी हव्या त्या जागी बसवावी तसे. अराबिडोप्सिसमध्ये हे काम सिनॅपिक आम्लाची संयुगेही करतात, आणि ती बनवू न शकणारी रोपे 'बी' किरणांत लवकर मार खातात.

तेव्हा आंब्याच्या तांबूस पालवीचे किंवा चैत्रात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या कुसुंबाचे श्रेय एकट्या अतिनील किरणांना देता येणार नाही. हरितलवके पुरती तयार होण्याआधी कोवळ्या पानाला जास्तीच्या दृश्य प्रकाशापासून आडोसा, हे स्पष्टीकरण अधिक जवळचे वाटते. कोवळे पान खाणाऱ्या किडींशीही त्याचा संबंध जोडला जातो. मिरचीच्या पेऱ्यांवरील जांभळेपणा हा उन्हाचा परिणाम आहेच, कारण ही दोन्ही रंगद्रव्ये बनवण्याचा मार्ग बराचसा एकच आहे आणि तो चालू झाला की दोन्ही वाढतात. पण डोळ्यांना दिसणारा जांभळा रंग पाहून 'छत्री किती जाड' याचा अंदाज बांधू नये. द्राक्षांचेच पाहा, पांढऱ्या वाणांच्या सालीतही उघड्या पडलेल्या घडात फ्लॅव्होनॉल वाढतात आणि त्यांना जांभळा रंग तर अजिबात नसतो.

माझा एक प्रतिप्रश्न पर्णरंध्र यांना आहे, मुलांनी विचारलेला. फोटोलायेज एवढे सोपे आणि स्वस्त असताना माणसाकडे ते का नाही? आणि सगळा जन्म उन्हात काढणाऱ्या वडाला आपल्यासारखा त्वचेचा कर्करोग का होत नाही?

पर्णरंध्र

अंबाडीताई, दुरुस्ती अगदी योग्य आहे. फोटोलायेज जिवाणूंत, बुरशीत, कीटकांत, माशांत, पक्ष्यांत आणि कांगारूंतही आहे. वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या शाखेत ते हरवले. का हरवले, यावर अनेक तर्क आहेत. त्याच घराण्यातील भावंडे मात्र आपल्याकडे उरली आहेत, ती क्रिप्टोक्रोम नावाने आपले जैविक घड्याळ चालवतात आणि दुरुस्तीचे काम विसरली आहेत. आपण सर्वस्वी कापाकापीच्या दुरुस्तीवर अवलंबून आहोत, आणि ती जन्मतः बिघडलेल्या मुलांना थोड्याशा उन्हानेही त्वचेचे कर्करोग होतात. या दुरुस्त्यांच्या उलगड्याला २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातील अझीझ संजार यांनी सुरुवात फोटोलायेजपासूनच केली होती.

वडाच्या बाबतीत मुख्य गोष्ट पेशीभित्तिकेची आहे. वनस्पतीची पेशी शेजारणीला भिंतीने बांधलेली असते. एखादी बिघडून वेड्यासारखी वाढली तरी एक गाठ होईल. ती सुटून रसवाहिन्यांतून दुसरीकडे जाऊन बसू शकत नाही. आणि पूर्ण वाढलेल्या पानातील पेशी पुन्हा विभागतच नसल्याने, तेथे राहिलेली चूक पान गळेल त्या दिवशी गळून जाते.

मृद्गंधताईंच्या बियांच्या भीतीचे उत्तर येथेच आहे, पण ते सरळ 'नाही' असे देता येत नाही. प्राण्यांत पुढच्या पिढीच्या पेशी गर्भावस्थेतच बाजूला काढल्या जातात. झाडांत तसे नसते; शेंड्यातील ज्या पेशींपासून पाने होतात, त्यांच्यापासूनच पुढे फुले व बी होते. म्हणजे शेंड्यातील चूक बियांपर्यंत पोचू शकते. म्हणून शेंडा जपलेला असतो. तो कोवळ्या पानांच्या आवरणात मिटलेला असतो, आणि परागकण व बीजांडे ज्या थरापासून बनतात तो सर्वांत वरचा थर नसून त्याखालचा असतो. वरचा थर आपल्या अंगावर मार घेतो. प्रत्यक्षात किती चुका उतरतात, याची मोजदाद अराबिडोप्सिसमध्ये झाली आहे: एका पिढीत दर एक अब्ज अक्षरांमागे सुमारे सात नवे बदल, म्हणजे त्याच्या जनुकसंचाच्या एका संपूर्ण संचात सरासरी एखादा. त्यांत सायटोसिनच्या जागी थायमिन आल्याचे प्रमाण लक्षणीय असते, आणि अतिनील किरण हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. असे बदल तुमच्या दणकट ट्रेमध्येही होतील आणि चट्टे पडलेल्या ट्रेमध्येही. जी पाने पांढरी पडली त्यांतून बी येणार नाही. जो शेंडा बी देणार आहे त्याने नंतर धडधाकट पाने दिली आहेत. त्या झाडांचे बी निःशंकपणे धरा.

वाफा

पुढच्या वेळेसाठी व्यवहारातले सांगतो. गॅलरीची काच उघडता येत असेल तर रोपाला दोन खरी पाने आल्यापासून सकाळचा तासभर ती उघडी ठेवा. पर्णरंध्र यांनी सांगितलेल्या प्रथिनाला तेवढे कोवळे ऊनही पुरेल. गच्चीवर नेताना पहिले तीन दिवस सकाळी नऊपर्यंतच ऊन द्या आणि मग शेडनेटखाली सरकवा. चौथ्या दिवसापासून दर दिवशी अर्धा-पाऊण तास वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात आणा. जाळी पांढरी किंवा हिरवी कोणतीही चालेल, कारण ती विणलेली असते आणि तिच्या भोकांतून सगळ्याच तरंगलांबी थोड्या थोड्या आत येतात. प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद मात्र वापरू नका. पॉलिहाऊसच्या बऱ्याच कागदांत अतिनील किरण अडवणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे त्याखाली आठवडा काढला तरी रोप 'बी' किरणांच्या बाबतीत काचेआडच राहिल्यासारखे होते. आणि चट्टे पडलेली पाने एवढ्यात खुडू नका. त्यांचा उरलेला हिरवा भाग अजून काम करतो आहे; शेंड्याला आणखी चार पाने येऊ द्या, मग खालून एकेक काढा.